साक्षीच्या खुर्चीत कोण बसले होते?

अनैतिक वैद्यकीय प्रयोगांवरच्या चित्रपटांचा विषय निघाला की एक मत हटकून ऐकू येते. माथेफिरू डॉक्टर आणि तळघरातल्या प्रयोगशाळा दाखवणारे चित्रपट बाळबोध. प्रगल्भ चित्रपट हवा तर एचबीओने १९९७ साली दाखवलेला ‘मिस एव्हर्स बॉइज’ पाहा. त्यात खलनायक नाही, भली माणसे परिस्थितीच्या कात्रीत सापडलेली आहेत. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध अजिबात नाही.

विषय टस्कीगीच्या प्रयोगाचा. अमेरिकेच्या सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन काउंटीत १९३२ पासून ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. ‘तुमचे रक्त बिघडले आहे’ एवढेच त्यांना सांगितले गेले. तपासणीच्या दिवशी फुकट जेवण, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, आणि त्या बदल्यात शवविच्छेदनाला संमती. कण्यातून पाणी काढण्याच्या वेदनादायक तपासणीला खास उपचार म्हणून बोलावले गेले. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा उपदंशावरचा रूढ उपचार झाला होता. तोही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. हे ४० वर्षे चालले.

चित्रपटाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडू. मिस एव्हर्स ज्या परिचारिकेवर बेतली आहे ती युनिस रिव्हर्स खरीच होती आणि रुग्णांचा तिच्यावर जीव होता. उपचारांसाठी आलेला रोझेनवाल्ड फंडाचा पैसा मंदीत आटला, हेही खरे. शिवाय मूळ कृती डेव्हिड फेल्डशू या डॉक्टर-नाटककाराचे नाटक. नाटककाराने इतिहासाची हजेरी घ्यावी असा नियम नाही.

नाही, हे कबूल. पण पैसा आटल्यावर उपचार थांबणे वेगळे आणि उपचार मिळू न देणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत उपदंश सापडला की उपचार करून घ्यायचा आदेश निघे. तेव्हा आरोग्य सेवेने स्थानिक भरती मंडळाकडे २५६ नावांची यादी पाठवली: यांच्यावर उपचार करू नयेत. अशी यादी करायला आणि टपालात टाकायला कचेरी लागते. त्यात परिचारिकेची घालमेल कुठून येणार? मुख्य म्हणजे वैद्यकीय जगापासून या कामाची लपवाछपवी नव्हती. १९३६ पासून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते. १९५३ च्या एका शोधनिबंधावर तर खुद्द रिव्हर्सचे नाव पहिले आहे, आणि १९५८ मध्ये तिला सरकारी सन्मानही मिळाला. हळव्या, अपराधी एव्हर्सपेक्षा आपल्या कामाचा निबंध लिहिणारी ही बाई मला कितीतरी अस्वस्थ करते. (एव्हर्सच्या भूमिकेत अल्फ्री वुडर्डचा अभिनय उत्तम आहे, यात वाद नाही. अडचण तीच आहे: तिच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही आणि कचेरी नजरेआड राहते.)

माझा खरा आक्षेप मात्र चित्रपटाच्या चौकटीला आहे. एव्हर्स सिनेटच्या समितीपुढे साक्ष देते आणि तिच्या आठवणींतून कथा उलगडत जाते. प्रत्यक्षात १९७३ मध्ये एडवर्ड केनेडींच्या उपसमितीपुढे रिव्हर्सने साक्ष दिलीच नाही. तिथे बोलला तो चार्ल्स पोलार्डसारखा शेतकरी, ज्याच्यावर प्रयोग झाला होता. सोबत त्याचे वकील फ्रेड ग्रे होते. पुढे ग्रे यांनीच सरकारकडून १ कोटी डॉलरची भरपाई मिळवली. नाटककाराने परिचारिकेचे नाव बदलले, पण टस्कीगी तेच ठेवले, सिनेट तेच ठेवले आणि खुर्चीतला माणूस मात्र बदलला. ज्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, ते पडद्यावर कुणाची तरी ‘मुले’ होऊन राहिले. याला कलात्मक स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर म्हणा. प्रगल्भता म्हणू नका.

‘पण मग नाट्य कुठून आणायचे?’ असे कुणी विचारील. आरोग्य सेवेतच नोकरीला असलेल्या पीटर बक्स्टनने १९६६ मध्ये वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली, १९६८ मध्ये पुन्हा घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली. टेबलाभोवतीच्या डॉक्टरांसमोर प्रश्न सरळ होता: हयात असलेल्यांना उपचार द्यायचे की पाहणी चालू ठेवायची? त्यांनी पाहणी चालू ठेवायचे ठरवले. शेवटी बक्स्टनने माहिती पत्रकारांपर्यंत पोहोचवली, जुलै १९७२ मध्ये जीन हेलरची बातमी असोसिएटेड प्रेसने दिली, आणि चार दशके न थांबलेला प्रयोग काही महिन्यांत बंद झाला. त्या बैठकीत कुणी डोळे वटारले नसतील, कुणाचे हात थरथरले नसतील. चहा-कॉफी झाली असेल, इतिवृत्त लिहिले गेले असेल. तो प्रसंग पडद्यावर आणायला दिग्दर्शकाचा कस लागेल, कारण तिथे प्रेक्षकाला सहानुभूती द्यायला एकही सोयीचा माणूस सापडत नाही.