एदिर्नेची दारुश्शिफा

दारुश्शिफा म्हणजे बरे होण्याचे घर. हैदराबादेत या नावाचा मोहल्लाच आहे, कुतुबशाहीतल्या दवाखान्यावरून पडलेला. पण असा जुना दवाखाना आतून पाहायचा असेल तर तुर्कस्तानात एदिर्नेला जावे.

तुंजा नदीच्या काठी सुलतान दुसऱ्या बायझीदने १४८४ मध्ये पाया घातला. १४८८ पर्यंत मशीद, वैद्यकीचा मदरसा, गोरगरिबांसाठी लंगर आणि दवाखाना असा सारा संकुल उभा राहिला. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. आता तिथे त्राक्या विद्यापीठाचे आरोग्य संग्रहालय आहे. ते १९९७ मध्ये सुरू झाले आणि २००४ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

अंगणे ओलांडून गेले की घुमटाखालचा मोठा दालन लागतो. मध्ये कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या आणि एका बाजूला वादकांचा चौथरा. घुमटाच्या माथ्यावरून उजेड खाली येतो. एकाच ठिकाणी बसून सगळ्या खोल्यांवर लक्ष ठेवता येईल, आणि तिथे वाजवलेला सूर प्रत्येक खाटेपर्यंत जाईल, अशी ही रचना आहे. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी इथे आला होता. मनाचे आजार झालेल्यांसाठी दहा कलावंत नेमले होते आणि आठवड्यातून तीनदा गाणे-वाजवणे होई, असे त्याने लिहिले आहे. फुलांच्या सुगंधाचाही इलाज म्हणून उपयोग करत. (चेलेबीला वाढवून सांगायची सवय होती, हेही ध्यानात ठेवलेले बरे.) संगीत हराम की हलाल, हा वाद आपल्याकडे अजून चालतो, तिथे वक्फच्या पैशावर रुग्णाला गाणे ऐकवले जात होते.

पण त्याच चेलेबीने काही वेड्यांच्या गळ्यात साखळ्या असल्याचेही लिहिले आहे. अभिमानाच्या भरात आपण हे वाक्य गाळतो. साखळी काही चारशे वर्षांपूर्वीच संपली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खासगी मनोरुग्णालयाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांना पळताही आले नाही. घरच्यांनी त्यांना तिथे शिफा मिळावी म्हणूनच आणून ठेवले होते.

वर्गात इब्न सीनाचे नाव घेतले की माझी मुले खूश होतात. शाळा सुटल्यावर गल्लीतल्या ‘पागल’ म्हाताऱ्याच्या मागे दगड घेऊन धावणारीही त्यातलीच असतात.