घड्याळे दोन आणि प्रवासी एक



आगगाडीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १६ एप्रिल १८५३ पासून आरंभ करतात. बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुटली, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला जोडली होती आणि ४०० पाहुणे तीतून ठाण्यास गेले, हे आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु त्या पाहुण्यांना कामावर जावयाचे नव्हते. गाडी तासभर उशिरा पोचली असती, तरी कोणाचा खाडा पडला नसता. आम्हांला ज्या इतिहासाविषयी बोलावयाचे आहे, तो फलाटावर ताटकळणाऱ्या माणसाचा आहे, आणि तो जरा नंतर सुरू होतो.

त्या माणसाची पहिली तक्रार, गंमत अशी की, गाडी उशिरा येते ही नव्हती. गाडी आधीच निघून जाते ही होती! १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांनी मद्रासच्या वेधशाळेची वेळ आपल्या कारभारासाठी स्वीकारली. तारयंत्राने ती वेळ सर्वत्र कळवीत. मद्रासची वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. म्हणजे वेळापत्रकात आठ वाजता म्हणून छापलेली गाडी मुंबईकरांच्या साडेसातलाच सुटावयाची. साहेबाच्या खिशात घड्याळ असे आणि छापील वेळापत्रकही असे. ज्याला अक्षरओळख नाही, जो भोंग्यावर आणि सूर्यावर दिवस मोजतो, अशा माणसाने बोचके डोक्यावर घेऊन स्टेशनात शिरावे आणि रिकामा रूळ पाहावा. त्याला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि मागाहून कोणी समजावलेही नाही.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतही मद्रासची वेळ चालू करण्याचा हुकूम काढला. कारभाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. एका शहरात दोन वेळा असण्यापेक्षा एक बरी. पण लोकांना विचारले कोणी? शहराने ती वेळ मनापासून मानली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. रेल्वे मात्र आपल्या घड्याळावर राहिली.

पुढचा प्रसंग आम्हां कामगारचळवळीतल्या लोकांना विशेष जवळचा. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने आजची प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीने या घड्याळाप्रमाणे भोंगा वाजवायचा, तर कामगाराला पहाटेच्या अंधारात ३९ मिनिटे आधी चाळ सोडावी लागणार. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतून पगारवाढीच्या संपांची वर्णने पुष्कळ सापडतात. घड्याळासाठी झालेल्या या संपाला क्वचितच दोन ओळी मिळतात. आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. गरीब माणसाला वेळेची किंमत नसते, ही समजूत ज्यांची असेल त्यांनी तो अवश्य पाहावा. मुंबईची स्वतंत्र वेळ पुढे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, कागदोपत्री का होईना, टिकून राहिली.

गिरण्या वाढल्या, कचेऱ्या वाढल्या आणि घरे लांब गेली. विरारहून बॅक बेकडे उपनगरी गाडी १८६७ सालीच धावू लागली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये चर्चगेट ते बोरीवली मार्गावर वीज आली. विजेने वेग दिला, तसा एक नवा परावलंबीपणाही दिला. वाफेचे इंजिन बिघडले तर ती एक गाडी अडे. वरची तार तुटली की त्या टापूतल्या साऱ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. त्यातून दोन गाड्यांत चार-पाच मिनिटांचे अंतर, आणि एखादे फाटक वेळेवर बंद झाले नाही की तिथून मागे गाड्यांची रांग. हे कारण प्रवाशाला कळले तर तो ते समजून घेतो. कळतच नाही, हे दुखणे आहे.

हे दुखणे जुने आहे. १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याविषयी वर्तमानपत्रांना सविस्तर लिहिले. २२ माणसांच्या डब्यात रात्री ३५ पर्यंत माणसे होती. ते लिहिणे मुख्यतः घाण आणि गर्दी यांविषयी आहे. पण वाचताना आम्हांला जाणवत राहते ते हे, की या उतारूला कोणी उत्तर देण्यालायक समजतच नव्हते. १९७४ मध्ये तिसरा वर्ग गेला, म्हणजे त्याचे नाव दुसरा वर्ग झाले. असो.

आता थोडे स्वतःचे. आम्ही विशीत एका कारखान्यात लागलो. दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जाई. एका पावसाळी सकाळी आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये सव्वा तास उभी राहिली. डब्यात एक बाई होती, तिचे मूल तापाने फणफणलेले. तिला दवाखान्यात जावयाचे होते. उतरून रुळांतून चालत जावे की थांबावे, एवढेच ती सर्वांना विचारीत होती. कोणाजवळ उत्तर नव्हते. शेवटी ती उतरली, चार माणसांनी तिला हात दिला, आणि ती शंभर पावले गेली असेल नसेल तोच गाडी हलली. आम्ही दारात उभे होतो. ती मागे वळून पाहत होती.

तेव्हा आम्हांला मोटरमनचा भयंकर राग आला. पुढे संघटनेच्या कामात रेल्वेचे कामगार भेटले, तेव्हा एका मोटरमनने आम्हांला विचारले, "साहेब, समोर तांबडा सिग्नल आहे एवढेच मला दिसते. तो तांबडा का, हे मला तरी कोण सांगतो?" आम्ही निरुत्तर झालो.

२ जानेवारी २०१५ रोजी हेच दिव्याला घडले. सकाळच्या गर्दीच्या वेळी ठाकुर्ली-दिवा टापूत बिघाड झाला, गाड्या अडल्या, हजारो माणसे रुळांवर उतरली. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, मोटरमनला मारहाण झाली. त्यावर मोटरमननी काम थांबविले आणि गोंधळ दुणावला. एक पगारदार दुसऱ्या पगारदाराला मारीत होता. ज्यांच्याजवळ माहिती होती ते दोघांपासूनही दूर होते. मारहाणीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु दिव्याला जलद गाड्या थांबाव्यात ही मागणी त्याआधीची होती, आणि त्या थांबू लागल्या २०१६ च्या अखेरीस, हेही नोंदून ठेवले पाहिजे.

आमच्या कारखान्यात पुढे काय झाले तेही सांगतो. गाडी उशिरा आली याचा लेखी पुरावा आणा, असे व्यवस्थापक म्हणत; स्टेशनात गेलो की, तशी चिठ्ठी देण्याचा आम्हांला अधिकार नाही, असे उत्तर मिळे. तेव्हा आम्ही फाटकाजवळ एक वही ठेवली. जो कामगार येईल त्याने आपली गाडी, तिची छापील वेळ आणि उतरण्याची खरी वेळ लिहावी. ज्याला लिहिता येत नसे त्याचे पहारेकरी लिही. सहा महिन्यांनी वाटाघाटींत ती वही टेबलावर ठेवली. व्यवस्थापकांनी चाळली, चष्मा पुसला, पुन्हा चाळली. करारात पंधरा मिनिटांची सवलत आली. आम्ही वीस मागितली होती.

ती वही अजून आमच्याकडे आहे. पावसाने पाने चिकटली आहेत. पहारेकऱ्याच्या हातच्या नोंदींत उशिराचे कारण लिहिण्याचा एक रकाना आहे. तो शेवटपर्यंत कोराच राहिला.