रक्तातली फट आणि बाराचा आकडा

इथे अमेरिकेत वार्षिक तपासणीनंतर रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यात सोडियम-पोटॅशियमच्या जवळपास ‘ॲनायन गॅप’ अशी एक ओळ तुम्ही पाहिली असेल. आई-बाबांनी भारतातून पाठवलेल्या रिपोर्टात ती बऱ्याचदा नसते. मग ही ओळ आली कुठून?

बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ जेम्स गॅम्बल १९२०च्या दशकात उपाशी मुलांच्या शरीरातल्या क्षारांचा अभ्यास करत होते. पुढे त्यांनी रक्ताचं चित्रच काढलं. शेजारी शेजारी दोन खांब, एकात धन भाराचे क्षार, दुसऱ्यात ऋण भाराचे. दोन्हींची उंची सारखीच, कारण रक्तातला विजेचा जमाखर्च नेहमी जुळलेला असतो.

म्हणजे फट रक्तात नाही, आपल्या मोजणीत आहे. समजा सोडियम १४०. त्यातून क्लोराइड १०४ आणि बायकार्बोनेट २४ वजा केले की १२ उरतात. हे बारा म्हणजे न मोजलेले ऋण भार, त्यात मोठा वाटा अल्ब्युमिन या प्रथिनाचा. मधुमेहात इन्सुलिन फारच कमी पडलं की कीटोन आम्लं साठतात आणि बायकार्बोनेट संपवत जातात. मग १३८ मधून १०० आणि १० गेले, उरले २८! कीटोन मोजायच्या आधीच संशय येतो.

स्वयंचलित यंत्रांवर हे तिन्ही आकडे एकदम मिळू लागले, तेव्हा ही वजाबाकी खरी रुळली. १९७७ मध्ये एमेट आणि नॅरिन्स यांच्या लेखाने ती डॉक्टरांच्या हाती पक्की दिली. बाराच्या आसपास म्हणजे ठीक, असं पाठ झालं.

आणि मग यंत्रं बदलली. नव्या इलेक्ट्रोड पद्धतीत क्लोराइड थोडं जास्त येऊ लागलं, त्यामुळे फट आक्रसली. १९९० मध्ये विंटर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांसाठी ३ ते ११ ही मर्यादा दिली. माणसं तशीच, आकडा मात्र घसरला! पाठ केलेले बारा तिथे चक्क जास्त ठरतात. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. त्याच रिपोर्टावर छापलेली मर्यादा पाहा.

घरात यकृताचं दुखणं असलेलं किंवा खंगलेलं वडीलधारं माणूस असेल, तर अल्ब्युमिनचा आकडाही डॉक्टरांना दाखवा. ते डेसिलीटरमागे एक ग्रॅम उतरलं की फट सुमारे अडीचने कमी होते, आणि वाढलेली फटही मग नेहमीसारखी दिसते.