अणुकेंद्राचा मूलतत्त्वाधिष्ठित सिद्धांत : पुढील दिशा

प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्यातील बले एवढेच भांडवल धरून अणुकेंद्राची बंधनऊर्जा, आकार आणि क्षय पुंजयामिकीने काढणारी अणुकेंद्रीय भौतिकीची शाखा. ही बले आज बहुधा स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९० च्या सुमारास मांडलेल्या कायरल परिणामी क्षेत्र सिद्धांतातून घेतात. त्यात दोन कणांमधील बलाबरोबर तीन कणांचे एकत्रित बलही ओघानेच येते. ते वगळले, तर ट्रिटियमची ८.४८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधनऊर्जा पुरती भरत नाही आणि ऑक्सिजनचे बद्ध समस्थानिक ऑक्सिजन-२४ पाशीच का थांबतात, हेही उलगडत नाही.

या शतकाच्या आरंभी अशी गणिते कार्बन-१२ च्या आसपास अडत. २०२२ मध्ये ती शिसे-२०८ पर्यंत पोचली. त्या कामात ‘इम्युलेटर’ म्हणजे मूळ गणिताच्या जलद प्रतिकृती वापरून बलाची सुमारे एक अब्ज रूपे चाळली गेली. हलक्या केंद्रांच्या मापनांशी विसंगत न ठरणारी अवघी ३४ उरली. त्यांवरून शिशाच्या न्यूट्रॉन-आवरणाची, म्हणजे प्रोटॉनांच्या पलीकडे पसरलेल्या न्यूट्रॉनांच्या थराची, जाडी ०.१४ ते ०.२० फेम्टोमीटर आली. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेने इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनातून २०२१ मध्ये दिलेला आकडा ०.२८३ (± ०.०७१) आहे. तफावत सौम्य आहे, पण दुर्लक्षिण्याजोगी नाही, कारण न्यूट्रॉन ताऱ्यातील द्रव्याचा दाब याच जाडीशी निगडित आहे. उत्तर किती चुकू शकते हेही गणितानेच सांगणे, ही या कामाची देणगी शिशापर्यंत मजल मारण्याहून मोठी आहे.

तीच शिस्त न्यूट्रिनोविरहित द्विबीटा क्षयाला सर्वाधिक हवी आहे. जर्मेनियम-७६ किंवा झेनॉन-१३६ मध्ये हा क्षय सापडला, तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण ठरेल. मात्र अर्धायुष्यावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाकडे जाण्यासाठी लागणारा केंद्रीय गुणांक वेगवेगळ्या प्रारूपांत सुमारे तिपटीपर्यंत बदलतो. शिवाय या क्षयाच्या सूत्रात लघुपल्ल्याचे एक पद पहिल्याच पायरीवर घ्यावे लागते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. जुन्या आकड्यांची फेरतपासणी त्यामुळे अटळ झाली.

पुंज-संगणकावर ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा २०१८ मध्येच काढली गेली; जड केंद्रांसाठी तो मार्ग अद्याप लांबचा आहे. क्वार्कांपासून थेट केंद्रीय बल काढण्याचे प्रयत्न जपानमध्ये २००७ पासून चालू आहेत, पण पुष्कळ गणितांत क्वार्क प्रत्यक्षाहून जड धरावे लागले. केंद्रीय अभिक्रियांचे काम केंद्ररचनेच्या कामाहून मागे आहे. कार्बन-१२ ने अल्फा कण टिपून ऑक्सिजन-१६ बनण्याचा वेग ताऱ्यांतील कार्बन-ऑक्सिजनचे प्रमाण ठरवतो. तो मूलतत्त्वांपासून पुरेशा अचूकतेने काढणे अजून बाकी आहे.