देवीच्या लशीचे गोत

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली. तेव्हापासून लस म्हणजे रोग येण्याआधी घ्यायची, हे आपल्या मनात पक्के बसले. गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगावर लस शोधणारे मात्र उलट्या दिशेने निघाले. विषाणू आत ठाण मांडून बसल्यावर त्याला हुसकायचे, असा त्यांचा ध्यास.

१९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींत एचपीव्ही-१६ हा विषाणू सापडला. पुढे कळले की सारा घात ई६ आणि ई७ ही त्याची दोन प्रथिने करतात. एक पी५३ या पहारेकऱ्याचा काटा काढते, दुसरे पेशीच्या वाढीचा लगाम तोडते. २००६ पासून मिळणारी प्रतिबंधक लस विषाणूच्या कवचावर बेतलेली आहे, आणि मुरलेल्या बाधेत तळच्या पेशी ते कवच बनवतच नाहीत. म्हणून नेम ई६-ई७वर धरावा लागला.

१९९६ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी या दोन प्रथिनांची जनुके व्हॅक्सिनियात बसवली आणि ती लस बळावलेल्या कर्करोगाच्या आठ बायकांना टोचली. व्हॅक्सिनिया म्हणजे देवीच्या लशीतलाच विषाणू! हे नाते कळले तेव्हा मी हरखून गेले.

एवढा खटाटोप का, हे तरुण बाईला विचारावे. आज पूर्वकर्करोग आढळला की तापलेल्या तारेच्या फासाने गर्भाशयमुखाचा तुकडा कापून काढतात. प्राण वाचतो, पण पुढच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

२०१५ मध्ये व्हीजीएक्स-३१०० या डीएनए लशीचे निकाल आले. टोचल्या जागी स्नायूला विजेचे बारीक झटके द्यायचे, म्हणजे डीएनए पेशींत शिरतो. १०७ पैकी ५३ जणींची पूर्वकर्करोगाची विकृती ओसरली. औषधाविना नुसते इंजेक्शन घेतलेल्या ३६ पैकी ११ जणींचीही ओसरली, आणि माझे मन या अकराजणींपाशीच अडते. त्यांच्या शरीराने शिकवल्याविना जे केले, तेच बाकीच्यांच्या शरीराला शिकवायचे आहे. पुढच्या एका मोठ्या चाचणीत लस कुणाला लागू पडेल, हे आधीच ओळखणारी खूण वापरून पाहिली. त्या निवडक गटात निकाल आकडेवारीच्या कसोटीला उतरला नाही. २०२३ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेपुरते हे काम थांबवले.