थरथरत्या पडद्याची तहकीकात

वसईचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरतो आणि तेथून बाहेर पडण्याचे नाव घेत नाही. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो त्यांच्याकडून जिंकून घेतला, आणि 1802 च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. या तीन तारखा सांगून झाल्या की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांची संख्या लहान नाही. परंतु किल्ल्याच्या उत्तरेस, संत थॉमस यांच्या नावाच्या चर्चभोवती वसलेल्या सांडोरसारख्या गावाचा इतिहास तहनाम्यांत सापडत नाही. तो वाडीत, विहिरीवर, ओटीवर आणि, गेल्या पन्नास वर्षांपुरते बोलावयाचे तर, ओटीवरच्या पडद्यात शोधावा लागतो. घरातले चित्र थरथरू लागले म्हणजे दोष कोठे आहे याची पहिली तहकीकात घरच्या माणसांनीच करावयाची, ही चाल या पट्ट्यात कशी पडली आणि तिचे पुढे काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या चालीचे मूळ विजेच्या आगमनात आहे. वसईची वाडी पिढ्यानपिढ्या बावखलांच्या, म्हणजे वाडीत खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या, आधारावर जगली. रहाटाने उपसलेले ते पाणी पाटापाटाने केळीच्या आणि पानवेलीच्या मुळांशी जाई. रहाटाची जागा पुढे तेलाच्या इंजिनाने आणि नंतर विजेच्या पंपाने घेतली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत खांब व तारा गावोगाव पोहोचल्या, तेव्हा एकाच तारेवर वाडीतला पंप आणि घरातला दिवा असे दोघे नांदू लागले. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या गरजेच्या पाचसहापट प्रवाह ओढून घेते, लांबलचक तारेतला दाब तेवढ्यापुरता खाली बसतो आणि घरातला दिवा मिणमिणतो. दिवा मिणमिणला तर कोणाचे काही अडत नसे. पडदा आला तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांवर आली.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे देशातले हे दुसरे केंद्र. वरळीचा सुमारे 300 मीटर उंचीचा मनोरा आणि वसई यांच्यामध्ये हवाई अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे लहरी पोहोचत, पण थकून. म्हणून शहरात जेथे खिडकीतल्या काडीवर भागे, तेथे वसईकडे कौलांच्या वर लोखंडी नळ उभारून त्यावर अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना चढवावा लागे आणि त्याचे तोंड दक्षिणेस वरळीकडे धरावे लागे. समुद्राचा खारा वारा त्या दांड्यांचे सांधे खाई, कावळे त्यावर सभा भरवीत, पावसाळी वाऱ्याने त्याचे तोंड भलतीकडेच वळे. आणि आकाशातून विमान गेले की त्याच्या अंगावरून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळून पडद्यावरची माणसे उगाच डोलू लागत. एक जण कौलांवर, एक जण दारात आणि एक जण पडद्यासमोर अशी साखळी मग उभी राही. वरून प्रश्न येई, "आलं का?" आतून उत्तर जाई, "आलं, आलं... गेलं! मघाशी होतं तिथंच धर!" आज हसू येते खरे, परंतु या आरडाओरड्यात एक शिस्तशीर विचार होता, तो असा की आधी बाहेरचा दोष पाहावा, मग विजेचा आणि सर्वांत शेवटी यंत्राचा.

पडद्यावर मुंग्या आल्या तर दोष अँटेनाचा. चित्र चारी बाजूंनी आक्रसून काळ्या पट्ट्या दिसू लागल्या तर दाब उतरलेला. पंप कोणी लावला आहे ते पाहावे, किंवा स्टॅबिलायझरची टकटक ऐकावी. चित्र खालून वर धावू लागले तर पाठीमागचे व्हर्टिकल होल्डचे बटण हलक्या हाताने फिरवावे. आपल्या दूरदर्शनचे चित्र 625 ओळींचे; सेकंदाला अशी पंचवीस चित्रे, आणि प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत रंगवले जाई, म्हणून पडदा सेकंदाला पन्नास वेळा उजळे. केंद्राकडून येणारा ताल आणि घरातल्या संचाचा ताल जुळला तर चित्र स्थिर. तो जुळवण्याची किल्ली कारखानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती दिलेली होती. मला हा त्या काळच्या यंत्रांचा मोठा गुण वाटतो. संच ठेवण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि तो दरसाल नवा करावा लागे, ही कटकट 1985 पर्यंत चालली. पण परवाना घेतलेल्या माणसास आपल्या संचाच्या पाठीमागे हात घालण्याची मुभा होती.

या मुभेने भागले नाही म्हणजे मेकॅनिक येई. तो पाठीमागचे झाकण काढी आणि घरच्यांना आरसा मागे. हा आरसा पडद्यासमोर खुर्चीवर उभा करावयाचा, कारण हात पाठीमागच्या गुंत्यात असताना चित्र काय करते आहे ते त्याला पाहावयाचे असे. पिक्चर ट्यूब वीज तोडल्यानंतरही आपल्या काचेत हजारो व्होल्टचा साठा राखून ठेवते, म्हणून तो आधी स्क्रू-ड्रायव्हरला तार बांधून तो साठा सांगाड्यावर उतरवी; हे करताना मुलांना चार पावले मागे हटवी. मग संच पुन्हा चालू करून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने पट्टीवर जागोजाग हलकेच टिचक्या मारी. ज्या टिचकीला आरशातले चित्र थरथरले, तेथला सांधा सुटलेला. तेथे कथिलाचा एक थेंब पडला की काम झाले. सुटा भाग लागलाच तर विरार लोकलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवर जावे लागे.

1982 साली रंग आले, पुढे केबल आली, कौलांवरचे अँटेना उतरले. या काळाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. बटणे नाहीशी होऊन त्यांचे काम आतल्या चकत्या करू लागल्या आणि घरचा माणूस आपल्याच पडद्यापुढे निव्वळ प्रेक्षक उरला.

त्याला पुन्हा तपासनीस केले ते 2020 च्या मार्चमधील टाळेबंदीने. सकाळच्या लोकलने मुंबईस जाणारी वसईची नोकरदार मंडळी लॅपटॉपसह घरी बसली, मुलांची शाळा त्याच पडद्यावर भरू लागली, दुरुस्तीची दुकाने बंद. आणि अशात पडदा लुकलुकू लागला तर मेकॅनिकला आणावे कोठून? तेव्हा जुनीच तहकीकात नव्या नावांनी सुरू झाली. लॅपटॉपच्या पडद्यातला दोष पिक्चर ट्यूबसारखा नसतो, कारण येथला प्रत्येक ठिपका आपली अवस्था धरून राहतो. थरथरते ते पाठीमागच्या दिव्यात, चित्र वाहून आणणाऱ्या तारेत, नाहीतर चित्र घडविणाऱ्या आज्ञावलीत. म्हणून प्रथम शेजारच्या टीव्हीला एचडीएमआयची तार जोडावी. तेथे चित्र स्थिर असेल तर दोष लॅपटॉपच्या पडद्याचा किंवा त्याच्या तारेचा. झाकण हळूहळू मागेपुढे करावे. एका विशिष्ट कोनात थरथर वाढली, तर बिजागरीतून जाणारी चपटी तार हजारदा वाकून झिजली आहे, असे समजण्यास हरकत नाही. मेकॅनिकची टिचकी ती हीच. चार्जर काढल्याबरोबर थरथर थांबली तर संशय चार्जरवर किंवा घरातल्या अर्थिंगवर घ्यावा. उजेड कमी केल्यावरच ती जाणवत असेल, तर पडद्यासमोर पेन्सिल झरझर हलवून पाहावी. पेन्सिलीच्या एकसंध छायेऐवजी सुट्या सुट्या काड्या दिसल्या, तर दिवा मंद करण्यासाठी तो भराभर विझवून पेटवला जात आहे, आणि हा बिघाड नसून रचनाच तशी आहे.

विंडोजवर चालणाऱ्या यंत्रात आणखी एक सोपी कसोटी आहे, तीही मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली. टास्क मॅनेजर उघडावा. तोही इतरांबरोबर लुकलुकला तर दोष बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरचा, तो एकटाच स्थिर राहिला तर दुसऱ्या एखाद्या ॲपचा. ज्या घरांनी एके काळी मुंग्या आणि काळ्या पट्ट्या यांतला भेद ओळखला, त्यांना हा भेद जड जाऊ नये. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. बॅटरी फुगून खालचे झाकण उचलले गेले असेल तर तपासणी तेथेच थांबवावी, यंत्र बंद करावे आणि जाणकाराकडे न्यावे.

फरक पडला आहे तो तहकीकातीनंतरच्या फैसल्यात. जुन्या संचाचा सांधा कथिलाच्या थेंबाने जुळे. आज दोष एका चपट्या तारेत आहे हे कळूनही पुष्कळदा पडद्यासकट सारे झाकण बदलण्याचा सल्ला मिळतो, कारण कित्येक यंत्रांची सुटी तार बाजारात येतच नाही. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले, त्यावर कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्ती यांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. परंतु अपेक्षा म्हणजे सक्ती नव्हे, आणि म्हणून गिऱ्हाइकाने आपला हक्क दुकानातच बजावणे इष्ट. नवा लॅपटॉप घेताना पडद्याची तार आणि पॅनेल सुटे मिळते काय, दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना खुली आहे काय, हे दोन प्रश्न विक्रेत्यास विचारावेत, आणि उत्तर नकारार्थी आले तर दुसरे यंत्र दाखवावयास सांगावे.