देवलांची पेटी आणि खिशातला तंबोरा

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की गोंयकाराच्या डोळ्यांपुढे लगेच हणजूण आणि वागातोर येतं. किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री पहाटेपर्यंत चाललेले नाच, अमेरिकेतून येऊन इथेच रमलेला गोवा गिल (तो २०२३ साली वारला), दमट हवेत तबकड्या टिकत नाहीत म्हणून वापरात आलेल्या कॅसेटी आणि पुढे डॅट. ‘गोवा ट्रान्स’ या नावाने हे संगीत जगभर गेलं आणि त्यावर लिहिलंही बक्कळ गेलं. पण ज्या गोव्याने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी दिले, त्या गोव्यात विजेवर चालणारं दुसरंच एक संगीत-यंत्र घराघरांत शिरलं. देवखोलीच्या बाजूला, शिकवणीच्या चटईवर, कधी कपाटावर. त्याच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. मी बोलतोय ते इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याविषयी, आणि त्याने आता जे मोबाईलमधलं रूप घेतलंय त्याविषयी.

माझी नोकरी बदलीची. सध्या मुक्काम भोपाळात, नेहरू नगरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. टेबलावर फायली सरकवणाऱ्या माणसाने गाणं शिकू नये असा काही नियम नाही, पण बदलीच्या ट्रकमध्ये तंबोरा चढवू नये असा मात्र अनुभव आहे. भोपळा म्हणजे भोपळाच, एक धक्का आणि तडा. (भोपाळात राहून भोपळ्याविषयी लिहिताना हसू येतं, पण नाइलाज आहे.) तेव्हा माझ्यासारख्याचा रियाज या यंत्रावरच झाला. ही तक्रार नव्हे. हे यंत्र नसतं तर माझं गाणं पहिल्याच बदलीत सुटलं असतं.

आपल्या गाण्यात यंत्र आलं की वाद हा येतोच, आणि तो वाद जुना आहे. हार्मोनियमचंच बघा. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवण्याजोगं रूप दिलं, आणि मराठी संगीत नाटकाने तिला असं काही उचलून धरलं की ती परदेशी आहे हे लोक विसरून गेले. पायपेटी आली, ऑर्गन आला. गोविंदराव टेंब्यांसारखा कलावंत पेटीवादक म्हणून नावाजला गेला. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना तर २०१६ साली पद्मश्री मिळाली ती हार्मोनियमसाठीच.

पण पेटीचं एक दुखणं पहिल्यापासून होतं. तिचे स्वर ठरलेले. बारा पट्ट्या, आणि पियानोच्या मेळाप्रमाणे दर दोन पट्ट्यांमधलं अंतर अगदी सारखं. आपला गायक असा गात नाही. सप्तकाचे १२०० भाग केले तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ३८६ व्या भागावर पडतो, पियानोच्या मेळातला ४०० व्या. चौदा भागांचा फरक. कागदावर किरकोळ वाटतो, पण तंबोरा नीट जुळला असेल तर पेटीचा गंधार त्यावर टोचतो. ज्याला टोचत नाही त्याने अजून ऐकायला शिकायचंय, असं आमचे गुरुजी म्हणायचे.

हे टोचणं एका माणसाने फारच मनावर घेतलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, म्हणजे आमच्याच जातकुळीतले, सरकारी कागदांत आयुष्य घालवलेले. निवृत्तीनंतर त्यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडायला घेतलं आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमेंट्स नावाचा आय.सी.एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत झाली. आणि या मंडळींनी लंडनच्या एका कंपनीकडून खास ‘श्रुती हार्मोनियम’ बनवून घेतली, जिच्यात बारा नव्हे तर आपले सगळे स्वर असतील अशी. आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या गरजेप्रमाणे यंत्र घडवून घेण्याचा हा आपल्या गाण्यातला पहिला मोठा प्रयत्न. १९११ साली साताऱ्याला त्यासाठी सोसायटीही निघाली.

पुढे काय झालं? १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींवरून घमासान चर्चा झाली आणि देवल-क्लेमेंट्स यांची पेटी काही सर्वमान्य झाली नाही. प्रश्न साधा होता. बावीस श्रुतींच्या जागा कुणी ठरवायच्या? एका खाँसाहेबांच्या गळ्यातला गंधार मोजून पट्टी बनवली, तर दुसरे खाँसाहेब म्हणणार की आमच्या घराण्यात तो तिथे नाहीच. दरबारीचा कोमल गंधार झुलत असतो. तो मोजायचा कुठे? झोपाळा मोजायचा म्हणजे आधी थांबवायला हवा, आणि थांबवला की तो झोपाळा राहत नाही. असो. देवलांची पेटी मागे पडली, पण त्यांची इच्छा मेली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी घडवली.

साध्या पेटीलाही सुख लाभलं नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. म्हणजे तीस वर्षं घराघरांत, देवळांत, नाटकांत पेटी वाजतेय आणि रेडिओवर मात्र नाही! सरकारी परिपत्रकाची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही इथे एकदम दिसतात.

विजेची वाद्यं आपल्याकडे आली ती आधी सिनेमात. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी ही पुंगी नव्हतीच. क्लॅव्हियोलीन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती कल्याणजींनी वाजवली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर येऊन बसला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो उभा करून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. त्या टेपा पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. निवडक ध्वनिमुद्रण बाहेर आलं ते २०२३ साली. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. ती तेव्हा खपली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपात तिचा गाजावाजा झाला. या सगळ्या गोष्टी चमकदार आहेत, पण त्यांनी आपल्या रियाजाच्या खोलीचं दार उघडलं नाही. ते उघडलं एका फार साध्या डब्याने.

बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंता आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांच्या ‘राडेल’ कंपनीची ‘सारंग’ आणि तबल्याची ‘तालमाला’ ही नावं शिकणाऱ्या पोरासोरांनाही पाठ आहेत. डब्यावर चार-पाच बटणं: पट्टी, लय, आवाज, आणि पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची ते ठरवायची सोय. सुरुवातीच्या डब्यांचा आवाज खरं सांगायचं तर डब्यासारखाच होता. पुढे खऱ्या तंबोऱ्याच्या आवाजाचे नमुने चिपमध्ये साठवले जाऊ लागले, तेव्हा तो बराच सुधारला.

देवलांची पेटी हरली आणि राज नारायण यांचा डबा जिंकला, असं का? मला वाटतं, देवलांनी यंत्राकडून फार मागितलं. सगळे स्वर, सगळ्या श्रुती, अगदी शास्त्रच त्यात भरायचं होतं. राज नारायण यांनी थोडंच मागितलं: फक्त षड्ज-पंचम धरून ठेव, बाकीचं गाणारा बघून घेईल. गाणाऱ्याशी त्याने भांडण काढलं नाही, म्हणून कुठल्या परिषदेत त्याच्यावर वाद झाला नाही. तो गुपचूप घरात शिरला.

आणि म्हणूनच तो घेऊन काय गेला हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. तंबोरा हा नुसता आधाराचा सूर नाही. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा-तंबोऱ्याच्या घोडीवर निबंध लिहिला होता. घोडीची रुंद, किंचित उतरती पाठ आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा, म्हणजे आपली जवारी, यांमुळे एकेका तारेतून स्वरांचा झराच फुटतो. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की सगळं बदलतं. हा दोरा सरकवणं, मणी हलवणं, खुंट्या पिळणं, आणि जोडाच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत थांबणं, यात अर्धा तास सहज जायचा. शिष्याचं पहिलं शिक्षण ते होतं. गाणं नंतर. देवासच्या कुमार गंधर्वांनी तंबोरे लावण्याला किती महत्त्व दिलं हे त्यांना ऐकलेली माणसं आजही सांगतात. मैफलीत मागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य म्हणजे काही शोभेची वस्तू नव्हे, ती त्याची शाळा असायची. तिथूनच गुरूची नजर, श्वास, सम चुकता चुकता सावरणं, हे सगळं दिसायचं. डब्याला शिष्य लागत नाही. बटण दाबलं की जुळलेला सूर तयार. ज्याने कधी तंबोरा जुळवलाच नाही त्याला जुळलेलं म्हणजे काय ते दुसऱ्या कुणी सांगावं लागतं. हल्ली ते यंत्र सांगतं.

तबल्याच्या डब्याचं याहून वाईट. तो चुकत नाही, थांबत नाही, आणि तुमच्या तानेवर खूशही होत नाही. त्याच्याबरोबर दहा वर्षं गायलेल्या मुलाला जिवंत तबलजी समोर आला की घाम फुटतो. हे मी पाहिलेलं आहे.

डब्याचा पुढे मोबाईल झाला. प्रसाद उपासनी यांचं ‘आयतबला प्रो’ आलं आणि तंबोरा, तबला, स्वरपेटी सगळं खिशात आलं. मग पुण्याचे संदीप राणडे, पं. जसराज यांचे शिष्य आणि संगणक-अभियंता, यांनी ‘नादसाधना’ बनवलं, ज्याला २०२१ साली अ‍ॅपल कंपनीचं डिझाइन पारितोषिक मिळालं. हे यंत्र नुसतं वाजत नाही, ऐकतं. तुमचा आवाज ऐकून साथ देतं आणि तुमचा स्वर नेमका कुठे लागला ते त्याच क्षणी पडद्यावर दाखवतं. शास्त्रीय संगीत शिकलेल्या मराठी माणसाने बनवलेलं यंत्र जगात गाजावं याचा आनंद आहेच. पण मला ते बघताना सांगलीचे देवल आठवतात. ते जे मागत होते ते हेच की! स्वराची जागा डोळ्यांनी दिसावी, अंदाज नको. शंभर वर्षांनी ते तळहातावर आलं, आणि त्याबरोबर बडोद्याचा जुना प्रश्नही परत आला: पडद्यावरची ती रेघ कुणाच्या गंधाराची?

भोपाळात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. इथे १९८१ साली मध्य प्रदेश सरकारने ध्रुपद केंद्र सुरू केलं आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांना गुरू म्हणून आणलं. पुढच्याच वर्षी मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभं राहिलं. त्याचे वास्तुकार चार्ल्स कोरिया, ज्यांनी आमच्या पणजीची कला अकादमीही बांधली. डागरांच्या परंपरेत स्वर म्हणजे ठिपका नाही, ती एक जागा आहे, जिच्यात हिंडता येतं. एकाच ऋषभाची तोडीतली उंची निराळी, श्रीमधली निराळी. आलापात तासभर त्या जागेत राहायचं आणि कानाने तंबोऱ्याशी पडताळत जायचं. इथे मोजमापाला विरोध नाही, पण निकाल तारेचा, रेघेचा नाही.

मी स्वतः दोन्ही वापरतो. सकाळी ऑफिसच्या आधी पाऊण तास मिळतो, त्यात खुंट्या पिळत बसलो तर गायचं कधी? पण पडद्यावरची रेघ मी बंद ठेवतो. हिरवं दिसलं की गळा तिथेच थांबतो आणि शोधायचं सोडून देतो, असा माझा अनुभव. तरुण मुलांना कदाचित उलट वाटेल. त्यांना निदान सुरुवातीला रेघ मदत करत असेल.

मिरजेत मात्र तंबोरे अजून हातानेच बनतात. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी सुरू केलेला हा उद्योग सतारमेकर घराण्यांनी चालवला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठाले कडू भोपळे वाळवून, कापून, वर लाकडाची तबली बसवून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रोजचा रियाज डब्यावर आणि मोबाईलवर करणारा माणूस मिरजेला क्वचितच जातो; गेला तर एकदाच, आयुष्यभरासाठी एक वाद्य घ्यायला. मोबाईलमधून वाजणारा चांगला तंबोरा मात्र आजही कुठल्या तरी खऱ्या भोपळ्याचा, कुणीतरी बसून जवारी लावलेल्या वाद्याचा, ध्वनिमुद्रित केलेला आवाज असतो.